मामाची मांडी

अण्णा, गेल्या गुरुवारी मी धाकट्याच्या घरी मारुंजीला जाऊन आले. एकटी नाही, नवरा, सासूबाई आणि दोन्ही मुलं, सगळं बिऱ्हाड घेऊन गेले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे परवानगी विचारत नाही, नुसतं कळवतेय. तुम्ही असतात तर पेपरची घडी मोडून पुन्हा घातली असतीत आणि एक शब्द बोलला नसतात. त्या घडीला मी अजून भिते, एक्केचाळिसाव्या वर्षी, काळेवाडीत स्वतःचं शिवणाचं दुकान असताना. म्हणून आधीच सांगून मोकळी होते: गेले, पोटभर जेवले, हसले, आणि बाळाचं जावळ तिथंच काढून आणलं.

हो, बाळ. तुम्ही पाहिलेली थोरली आता आठवीत आहे, माझ्या खांद्याला लागते. तिच्यानंतर अकरा वर्षांनी हा झाला, आणि दोन वर्षांचा झाला तरी त्याच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. वेणी घालावी लागायची. रिक्षात बसलं की शेजारची बाई हमखास म्हणणार, किती गोड मुलगी. दोष सासूबाईंचा. म्हातारी बीडकडची, आपल्यासारखीच बौद्ध, दारात ज्योतिषी आला तर चप्पल दाखवणारी. पण पहिले केस मामाच्या मांडीवरच निघाले पाहिजेत, यावर अडून बसली. देवाधर्माचं काही नाही म्हणे, नात्याचं आहे. मामानं पाटावर बसायचं, भाच्याला मांडीवर घ्यायचं, न्हाव्यानं केस काढायचे, मग मामानं अंघोळ घालून नवे कपडे नि टोपी घालायची. एवढंच. आणि माझ्या मुलांना मामा एकच, आपला धाकटा.

त्या मामानं अट घातली. तुम्ही गेल्यापासून मी त्याला भेटत होते ती वाकडच्या हॉटेलात, दोन-तीन महिन्यांतून एकदा, मुलांना घरी ठेवून. डोसा खायचा, तब्येतीचं विचारायचं, आपापल्या वाटेनं निघायचं. मला वाटायचं, मी केवढी धीट, बापानं तोडलेला भाऊ मी धरून ठेवलाय. फोनवर मी जावळाचं काढलं. तो म्हणाला, "ताई, मांडी तयार आहे, पण ती माझ्या घरात आहे. मुलांना घेऊन घरी ये. नसेल जमणार तर आता हॉटेलातही नको भेटायला." आवाज चढवला नाही. तुमचाच मुलगा तो, आवाज न चढवता दार लावतो. मला कळलं की या खेपेला गेले नाही, तर माझ्या मुलांना मामा नाही आणि मला भाऊ नाही.

तुमचंही चांगलं लिहिते, नाहीतर म्हणाल पोरगी एकतर्फी बोलते. गुरुवार हा कंपन्यांच्या सुट्टीचा वार, त्यामुळे आमचा रविवार गुरुवारीच असायचा. आई गेल्यावर दर गुरुवारी मटण तुम्ही स्वतः करायचात. डावं मधलं बोट प्रेसमशीननं निम्मं नेलेलं, तरी कांदा असा बारीक चिरायचात की मला आजही जमत नाही. धाकटा ओट्यावर बसलेला असतो, पाय हलवत, आणि तुम्ही पातेल्यातून नळी शोधून काढता, फुंकर घालता, त्याच्या हातात देता. नळी कायम त्याची. मला तुम्ही शिलाई मशीन दिलंत. बारावीनंतर आत्या स्थळ घेऊन आली तेव्हा तुम्ही ओव्हरटाइम करून मशीन आणलंत आणि तिला सांगितलंत, आधी पोटाचं, मग लग्नाचं. त्या मशीनवर मी उभी आहे, अण्णा. ते विसरले असते तर हे पत्र लिहिलं नसतं, सरळ शिव्या घातल्या असत्या.

आणि तो लातूरवाला. तुम्ही त्याचं नाव कधी घेतलं नाहीत, म्हणून मीही इथं घेत नाही, तुमच्याच शब्दांत म्हणते. तो पहिल्यांदा आपल्याकडे आला तेव्हा धाकट्याचा मित्र म्हणून आला होता. चाकणच्या कंपनीत टूलरूमला, पत्र्याला आकार देणारे साचे दुरुस्त करायचा. तुम्ही तर हरखूनच गेलात. आयुष्यभर त्या साच्यांवर काम केलेलं, आणि घरात त्याबद्दल बोलायला कुणी नाही. मी शिवणारी, धाकटा कॉम्प्युटरवाला. दोघं दोन तास बोलत बसलात. बोंबलाची चटणी तुम्ही स्वतः त्याच्या ताटात वाढलीत. तो गेल्यावर म्हणालात, पोरगा कामाचा आहे. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

पुढच्या महिन्यात धाकट्यानं तुम्हाला खरं सांगितलं. तुम्ही दारात मोपेड पुसत होतात. तो उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला की तो माझा मित्र नाही, आम्ही एकत्र राहणार आहोत, आयुष्यभर. तुम्ही फडकं पिळलंत, दोरीवर टाकलंत आणि म्हणालात, "खोली बघ." बस. लग्न मोडलेल्या मुलीचा बापसुद्धा दोन शिव्या देतो. त्यानंतर एकदाच ते दोघं आले, धाकट्याची सर्टिफिकेटं न्यायला. मी दोघांना पाणी दिलं. लातूरवाला उभ्या उभ्या पाणी प्यायला, तुमच्या पाया पडायला वाकला आणि तुम्ही पाय मागे घेतलेत. ते गेल्यावर तुम्ही त्याचा स्टीलचा ग्लास दोन बोटांत धरलात, बाथरूमच्या खिडकीत नेऊन ठेवलात आणि मला सांगितलंत, "परत कधी आला तर यातच द्यायचं. कसले कसले रोग असतात."

अण्णा, तुम्ही गाव का सोडलंत? दर जयंतीला गल्लीतल्या स्टेजवर माइक हातात घेऊन सांगायचात. गावच्या हॉटेलच्या वळचणीला आपल्या लोकांसाठी वेगळी कपबशी खोचलेली असायची. आपणच काढायची, आपणच धुवायची, आपणच परत खोचायची. आजोबांना त्या कपातून चहा पिताना पाहिलं आणि पंधराव्या वर्षी तुम्ही निघालात ते पिंपरीला उतरलात. ते सांगताना तुमचा आवाज फुटायचा, खाली बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मला वाटायचं, माझ्या बापासारखा बाप नाही. मग मला सांगा, वळचण काय आणि खिडकी काय? तो ग्लास तिथं किती महिने होता, मला माहीत आहे. पुढं त्यात साबणाचे तुकडे पडायला लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तुम्हाला लावावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तेव्हा तोंडाला कुलूप होतं, आता नाही.

थोरलीच्या जावळाचंही बोलू या, निघालंच आहे तर. ती वर्षाची होत आली तेव्हा सासूबाईंनी मामाला बोलवा म्हणून निरोप दिला, आणि तुम्ही तत्त्व काढलंत. आपण बौद्ध, आपल्यात असली थेरं नाहीत. आणि आत्याच्या घरात भिंतीवर फोटो आहे तो कुणाचा? पांढरी टोपी घालून पाटावर बसलेला, मांडीवर आत्याचा मुलगा, धोतरावर केसांचा ढीग? दीक्षा घेऊन किती वर्षं झाली होती तेव्हा? आत्याच्या मुलाला मामा चालतो, माझ्या मुलीला चालत नाही, कारण मामा कोण ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. एका सकाळी तुम्ही तिला उचललंत, चौकातल्या सलूनमध्ये नेलंत आणि तासाभरानं गोटा करून आणलंत, हातात गोळी देऊन. संध्याकाळी धाकटा आला. केस काढून झाल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. पिशवीत पिवळा फ्रॉक. त्यानं तिच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला, फ्रॉक माझ्याकडे दिला. मी म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढची खेप यायला बारा वर्षं लागली, आणि त्यातली अकरा वर्षं तुम्ही नव्हतात, हे मी स्वतःलाही ऐकवते.

जायचं ठरलं तर दुकानात येणाऱ्या एका बाईला वास लागलाच. माप देता देता म्हणाली, तिकडं त्या गल्लीत सगळे तसलेच राहतात, लेकरांवर परिणाम होतो, तुम्ही शहाण्यासवरत्या. मी तिच्या ब्लाउजपीसची घडी घातली आणि तिच्या हातात ठेवली. म्हटलं, माझ्या शिवणाचाही परिणाम होईल बाई, दुसरीकडे टाका. सासूबाई आत भाजी निवडत होत्या. त्यांना मी आधीच सगळं सांगितलं होतं, कारण तिथं जाऊन कळण्यापेक्षा बरं. मला वाटलं होतं, आता भांडण होणार. त्यांनी मेथीची काडी मोडली आणि म्हणाल्या, "मामाची मांडी ती मामाची मांडी. मामा कुणासंगं ऱ्हातोय ते केसाला काय कळतंय?" तुमच्यासारखा पेपर वाचणारा माणूस आणि ही अंगठा लावणारी बाई. बसा तोलत.

गुरुवार तुमच्या कंपन्यांचा, हिंजवडीच्या आयटीवाल्यांचा नाही, त्यामुळे वाकडच्या पुढं रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती. नवरा पहिल्या शिफ्टला कधी उशिरा गेला नाही, पण त्या दिवशी रिक्षावाल्याला वाट सांगताना चुकला आणि आम्ही माणच्या बाजूला जाऊन परत आलो. मारुंजीत शेतांच्या जागी आता भाड्याच्या इमारती. धाकट्याची गल्ली आतल्या अंगाला, तीन मजली चाळवजा घरं, खाली एक टपरी, आणि एका गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मधे इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांचा झेंडा. सासूबाईंनी विचारलं, कुठल्या पक्षाचा? थोरलीनं त्यांना रिक्षातून उतरता उतरता समजावलं की आजी, मुलामुलानं किंवा मुलीमुलीनं प्रेम केलं तर त्यात लाजायचं नाही, असं सांगणारा झेंडा आहे तो. सासूबाई म्हणाल्या, मग उन्हात का टाकलाय, रंग जातो. मी कुठे बघावं ते मला कळेना. मुलीला हे सगळं माहीत होतं. मी बारा वर्षं जे तिच्यापासून झाकत होते ते तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

गल्लीची मालकीण तिथली जुनी म्हातारी, नऊवारी नेसणारी. जमीन आयटीत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. वाकडच्या सोसायट्यांमध्ये या दोघांना सात ठिकाणी फिरवलं होतं. फॅमिली की बॅचलर, हा पहिला प्रश्न, आणि दोघांचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसेना. म्हातारीनं विचारलं नाही. का नाही विचारलं, असं माझ्या नवऱ्यानं तिला हळूच विचारलं तर म्हणाली, मला येकच इचारायचं असतं, बोरचं पानी गाडी धुवाया वापरनार का? न्हाई म्हनले, दिली किल्ली. मग या दोघांनी आणखी कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. वरच्या मजल्यावर दोन मुली राहतात, एक नागालँडची, एक इचलकरंजीची, आणि त्यांची लठ्ठ मांजर. शेजारी केरळच्या एका नर्सचं कुटुंब, लेकराबाळांसकट. तळमजल्यावर अक्का. अक्का पूर्वी सिग्नलवर टाळ्या वाजवायच्या, आता अख्ख्या गल्लीचे डबे करतात. मुलग्याच्या अंगानं जन्मल्या, बाई म्हणून जगतात, आणि ठेचा असा करतात की सासूबाईंनी दोनदा मागून घेतला. दुपारपर्यंत थोरली त्यांच्याकडून काजळ कसं ओढायचं ते शिकून आली होती. परिणाम झाला तो एवढाच.

लातूरवाला दारात उभा होता. केस पिकलेत त्याचे, पोट सुटलंय. "या की ताई, आत या," म्हणाला. सासूबाईंच्या पाया पडला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, उलट पाठीवर थाप मारून विचारलं, कुठल्या गावचा रे तू, आणि गाव कळल्यावर तिथल्या कुठल्याशा जावेची चौकशी सुरू केली. घरात दोन खोल्या, नीटनेटक्या. भिंतीवर तुमचा फोटो आहे, अण्णा. मला धक्का बसला. कंपनीच्या गेटवर काढलेला, पंचवीस वर्षांच्या सेवेचा. खाली उदबत्तीचं घर नाही, नुसता फोटो. मी धाकट्याला विचारलं, हा कशाला? तो म्हणाला, माझा बाप आहे, कुठं ठेवू?

न्हावी आला. पाट मांडला, पांढरं कापड अंथरलं, धाकटा नवी टोपी घालून बसला. त्याला पाहून मला एवढं भरून आलं की मी उगाच पिशवी उचकत राहिले. मग बाळाला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पोरानं जो टाहो फोडला, गल्लीतली मांजर पळाली. बाळ त्याला ओळखतच नव्हतं. ओळखणार कसं? हॉटेलात मी त्याला कधी नेलंच नाही. धाकटा त्याला खेळवायला बघतो, गाणं म्हणतो, घड्याळ दाखवतो, आणि बाळ पाठीची कमान करून माझ्याकडे हात पसरतं. न्हावी वस्तरा धरून थांबलाय. धाकट्याचं तोंड मी बघितलं. चौदा वर्षं तुमच्याकडून, आत्याकडून, सगळ्या भावकीकडून जे सोसून तो पडला नाही, ते दोन वर्षांच्या पोरानं न बोलता केलं. याला जबाबदार तुम्ही आहात आणि मी आहे. पोर नाही.

लातूरवाला आल्यापासून बाळाशी खेळत होता, चमचा आणि वाटी घेऊन. तो शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि वाटी वाजवली. बाळ रडायचं थांबलं, पाटावरून उतरलं, दुडूदुडू गेलं आणि त्याच्या मांडीत जाऊन बसलं. न्हाव्यानं विचारलं, मामा कोण यातला? आणि मी बोलले, अण्णा. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "दोघं. जिथं बसलाय तिथंच काढा." सासूबाई म्हणाल्या, काढ रं, ऊन चढलं. धाकटा पाटावरून सरकून त्याच्या शेजारी बसला, बाळाचं डोकं त्यानं धरलं, आणि लातूरवाल्याच्या मांडीवर माझ्या मुलाचे पहिले केस पडले. त्याच्या पँटवर, हातांवर, सगळीकडे. तो हललासुद्धा नाही. दोघांनी मिळून अंघोळ घातली, कपडे धाकट्यानं घातले, टोपी लातूरवाल्यानं घातली. अक्कांनी दृष्ट काढली. सासूबाईंनी आधी असल्या गोष्टींना नावं ठेवली आणि मग मिठाचे खडे मोठे घ्या म्हणून सूचनाही केली.

तर हे असं झालं. तुम्हाला पटो न पटो. तुमची नातवंडं आता दर महिन्याला जाणार तिथं, मी शब्द दिलाय. थोरली दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस राहणार आहे. कुणी विचारलं तर सांगणार, मामांकडे गेलीये, मामा दोन आहेत. आत्याचा फोन आला होता, तुझा बाप असता तर, म्हणून सुरू केलं तिनं. मी म्हटलं, असता तर त्यालाही नेलं असतं, रिक्षात जागा होती. तुम्ही आयुष्यभर ज्यासाठी भांडलात ते मी तुमच्याच घरात, तुमच्याच विरुद्ध केलं, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मागायची असेल तर तुम्ही मागा. धाकट्याचा फोटो तुम्ही कधी लावला नाहीत, त्यानं तुमचा लावलाय.

हे सगळं लिहून काढायचं आणि तुमच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचं, असं मी ठरवलं होतं. दुपार आहे, दुकान बंद आहे, बाळ झोपलंय, गोटा छान दिसतोय. पण वाचणार नाही. शिलाईच्या खणात टाकून ठेवीन. कारण एक गोष्ट मी वर गाळली आहे, आणि ती गाळून वाचलं तर मीही स्टेजवरच उभी राहिल्यासारखं होईल.

बाळ उठून लातूरवाल्याच्या मांडीवर बसलं तेव्हा, न्हाव्यानं विचारायच्या आधी, माझा हात पुढं गेला होता. बाळाला तिथून उचलायला. कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं, पण गेला. निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं आणि मी वर पाहिलं, तर धाकटा माझ्या हाताकडेच बघत होता. मग मी हात तसाच पुढं नेला आणि पदरानं बाळाचं नाक पुसलं. नाक वाहत नव्हतं.